मंगळवारची दुसरी रिंग

भोपाळच्या हबीबगंज स्टेशनवर गाडी हलली, तेव्हा बाबा खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "पोचलीस की एक रिंग दे. आम्ही उचलणार नाही, समजून घेऊ." पुऱ्यांचा डबा कुठल्या पिशवीत आहे, ते आईने तिसऱ्यांदा बोटानेच दाखवलं. मी दिल्लीहून मेलबर्नला आले आणि पोचल्यावर रिंग दिली. काळजी करणं हे मागे राहणाऱ्यांचं काम, असा तेव्हा माझा समज होता.

टाउनशिपमध्ये वाढलेल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. बाबा अकोल्याहून येऊन भोपाळच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. क्वार्टर, शाळा, दवाखाना, गणपतीचा मांडव, सगळं कारखान्याच्या आवारातलं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं, म्हणून इतरांसारखंच त्यांनीही मोठ्या रस्त्याच्या अलीकडे, सोनागिरीत घर बांधलं. दवाखाना आणि कट्ट्यावरची मंडळी पलीकडेच राहिली. पण दवाखान्याच्या फाटकासमोर दुभाजकात वाट होती, दोन मिनिटांत माणूस पलीकडे. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

मग त्या रस्त्यावर एलिव्हेटेड हायवे यायचं ठरलं. वरून गाड्या धावणार, खाली खांब, आणि खांबांच्या कडेने सलग जाळी. फाटकासमोरची वाट बंद. पलीकडे जायचं तर लांबच्या चौकापर्यंत जाऊन वळसा घालायचा. आईला शुगरही आहे आणि हार्टही. तिची औषधं दर मंगळवारी बाबा त्या दवाखान्यातून आणतात. बाबांचा डावा कान मशीनशॉपने कधीच ठेवून घेतलाय. त्या बाजूने ट्रक आला तरी त्यांना कळत नाही. हायवेची बातमी ऐकली आणि मला आधी तो कान आठवला.

सोनागिरीतल्या रिटायर मंडळींनी तिथल्याच गणपतीच्या मांडवात सभा घेतली. हायवे नकोच, आणि केलाच तर फाटकासमोरची वाट तरी ठेवा, असं ठरलं. शेजारच्या तिवारी अंकलचा मला फोन आला. "बेटा, अर्ज़ी तुम लिख दो. हम लोग लिखते हैं तो हड़ताल का नोटिस लगता है." मी हिंदीत अर्ज लिहून पाठवला. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या आणि पानांचे फोटो मला तपासायला आले. मी ओळ न ओळ वाचली. ओळखीची नावं बघून डोळे भरून आले. "सगळं करेक्ट आहे," असं कळवलं.

अर्ज फेटाळला गेला. सह्या करणारे बाधित भागात राहतच नाहीत, हे कारण. प्रत्येकाने नावापुढे कारखान्यातला टोकन नंबर लिहिला होता आणि पत्ता म्हणून जुनं क्वार्टर. उभा जन्म कारखान्याच्या प्रत्येक कागदावर तेच लिहीत आलेले हात, त्यांना दुसरं काय सुचणार? त्यातली कितीतरी क्वार्टर्स आता पाडून झालीत, आमचंही. त्यांना मी दोष देत नाही. तपासायला मी होते. बाबांच्या नावापुढे आमच्या क्वार्टरचा नंबर वाचला, मला अंगणातला पेरू दिसला, आणि चूक दिसलीच नाही.

सोनागिरीचे पत्ते घालून आम्ही पुन्हा अर्ज केला. खिडकीवरच्या बाबूने शिक्का मारला आणि म्हणाला, "ले तो लेता हूँ अंकल, पर मियाद निकल गई." हरकतीची मुदत उलटली होती. पुढे खांब उभे राहिले.

मी म्हटलं, दोघं इकडे या. बाबा म्हणाले, "तिकडे मला कोण ओळखतंय? इथे दवाखान्यात नुसता टोकन नंबर सांगितला की फाइल निघते." मागून आईचा आवाज आला, "लहानपणापासून भित्री भागूबाई आहे ही." आहेच मी. शेवटी एवढंच कबूल करून घेतलं की मंगळवारी रस्ता ओलांडला की एक रिंग द्यायची, घरी परतल्यावर दुसरी. मी उचलणार नाही, समजून घेईन.

त्यांची सकाळ ती माझी दुपार. मी काम करते त्या लॅबमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम आहे, मंगळवारी माझा कोटाच्या खिशात असतो. दोन रिंगांच्या मध्ये मी प्रत्येक सॅम्पलचं लेबल पुन्हापुन्हा वाचते. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही.

परवाच्या मंगळवारी पहिली रिंग आली, दुसरी येईना. मी बाबांना फोन लावला, उचलला नाही. आईला लावला. "अजून आले नाहीत गं," ती म्हणाली, आणि भित्री भागूबाई म्हणाली नाही. मी स्टोअररूममध्ये जाऊन स्टुलावर बसले.

रिंग आली तेव्हा मी पहिल्यांदाच फोन उचलला.

"उचललास कशाला?" बाबांना धाप लागली होती. "मी दवाखान्यात होतो तेवढ्यात फाटकासमोर जाळी लावली त्यांनी. चौकावरून यावं लागलं. गाड्यांच्या आवाजात तुझा फोन ऐकूच आला नाही."

"औषधं?"

"आणली ना."

इथे लोक विचारतात, होम कुठे? मी भोपाळ म्हणते, पुढे कुणी विचारत नाही. क्वार्टर पाडलं, सोनागिरीच्या घरात मी फक्त सुट्टीपुरती राहिले. माझं घर आता दोन रिंगांच्या मध्ये असतं. हातात औषधांची पिशवी घेऊन ते चौकात उभं असतं, आणि त्याला डाव्या बाजूचं ऐकू येत नाही.