अंबाडीचा खोपा

परवा सुनेनं अंबाडीची सुतळी भिजत घातली आणि त्या ओल्या वासासरशी मी औंढ्यातल्या आमच्या ओसरीवर जाऊन बसले. निजामाचं राज्य होतं, मी चौदा वर्षांची होते. थोरल्या बहिणीचे, सखूचे, केस तापात झडले होते आणि लग्न महिन्यावर आलं होतं.

शेजारच्या अमीनाखालांनी सखूसाठी खोट्या खोप्याचा उपाय काढला. अंबाडीचे तंतू काळे रंगवून त्यांनी पालथ्या मडक्यावर डिंकानं चिकटवले. "बेटी, पैले या मडक्यावर हात बसव," त्या म्हणाल्या. नागनाथाच्या देवळावरल्या दगडी बायकांसारखा खोपा मला घालायचा होता. रोज देवळात जाऊन वळणं बघायची आणि घरी येऊन पेड गुंफायचे. आठव्या दिवशी तो जमला, मानेवर उतरलेला, भरदार, पेड न् पेड कोरल्यासारखा.

सखूनं त्यावरून हळूच बोट फिरवलं. "लई देखणा झाला गं. पण मी न्हाई लावणार. पावण्यांना खरं सांगा."

"काहून? मी एवढी तकलीफ घेतली."

"मग त्यांच्या घरात रोज भीत भीत राहू का मी?"

वडिलांनी निरोप धाडला. चौथ्या दिवशी नवरदेवाच्या आईचं उत्तर आलं, केस येतील, तारीख तीच ठेवा. लग्न झालं, पण मेहनत वाया गेली म्हणून मी सखूशी धड बोलले नाही. उत्तर येईपर्यंत ती नीट जेवलीसुद्धा नव्हती. ते मला दिसत होतं, आणि तरी मी मडक्यापाशीच रुसून बसले होते.