केदारखेड्याच्या दगडावरची ओल

भानामती, चेटूक असलं कुणी सांगू लागलं की मी सरळ उठून जातो. बायको म्हणते, तुमचं डोकं बी दगडाचंच! पण ही एक गोष्ट... वाचा आणि तुम्हीच सांगा.

निजामाचं राज्य, मोठ्या लढाईची सालं. मी केदारखेड्याचा पाथरवट. जाती-पाटे करणारा. गावातल्या रहमतचाचीचा एकुलता युसूफ मुंबईला जाऊन जहाजावर कोळसा ओढायला लागल्ता. जहाज बुडालं, असं पत्र आलं. मयत न्हाई, तर कबर कुठली? चाचीच्या दिरानं निशाणीचा दगड सांगितला — वर जहाज कोरलेला. आमच्याकडं समुद्र कुणी बघितलाय हो? आगपेटीवरचं जहाज बघून कोरलं. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, लिंबाखाली दगड उभा केला.

आमच्या घरचा रिवाज — नाव सगळ्यात शेवटी, आणि पहिला घाव घरच्या माणसाचा. मौलवीसाहेबांनी गेरूनं नाव काढून दिलं. चाचीनं हातोडीला हातच लावला न्हाई.

"मी न्हाई मारत माझ्या पोराला. त्यो वाटेवर हाय, येऊन राह्यलाय."

दगड तसाच राहिला.

वैशाखात, भर दुपारी तिकडून चाललो होतो. बघतो तर गेरू धुऊन गेलेला, आणि नावाच्या जागी तळहाताएवढी ओल! पुसली, परत आली. तिथं विसरलेली माझी छिन्नी लाल गंजलेली. मी येडा, जाऊन चाचीला घेऊन आलो. तिनं बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

"खारं हाय रे..."

बोट पदराला पुसलं. मंग म्हणाली, "दे हातोडी."

तिनं घाव घातला, मी नाव पुरं केलं. सांजेपर्यंत दगड ठणठणीत कोरडा.

आमच्या गावच्या विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत. त्याच शिळेच्या उरलेल्या तुकड्याचा पाटा आमच्या घरात आहे. हसू नका, त्याला मी जीभ लावून बघितलीय... मिरचीच लागते. तीस वर्षं झाली, कारण काही सापडलं न्हाई.

चाची मात्र दर जुम्म्याला यायची. दगडावरून हात फिरवायची, कोरडा हात बघायची आणि माझ्या दारात येऊन बसायची.

"बेटा, तेवढं नाव मिटव ना. मला ती ओलच पुरे."

मरेपर्यंत म्हणत राहिली. दगडात कोरलेलं मी कसं मिटवू?