भिंतीवरची लाल रेघ

बीडमधल्या आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता आणि नळाची लाइन यावी, म्हणून केलेल्या अर्जावर पहिली सही माझी होती. प्लॉट गुंठेवारीतले, त्यामुळं आधी घराघरानं विकास शुल्क भरायचं होतं. जे टाळत होते त्यांच्या दारात जाऊन मी भांडले. "फुकटचं पाणी पाहिजे का?" असं तोंडावर विचारलं. शेवटी सगळ्यांनी भरलं.

मग टेप घेऊन मोजणीवाला आला. रस्ता नकाशात आहे तेवढाच रुंद होणार, म्हणाला. आमची न्हाणी त्यात तीन फूट पुढं आलेली. त्यानं ब्रश बुडवून भिंतीवर लाल रेघ ओढली; रेघेच्या पुढचं सगळं पाडणार, म्हणाला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "लई घाई होती ना बाई तुमाला रस्त्याची?" पण पुढची रेघ त्यांच्याच जिन्यावर पडली. गल्लीच्या टोकापर्यंत तो रेघा ओढत गेला.

त्या दिवसापासून जेसीबीचा आवाज आला की माझ्या हातातलं भांडं सुटतं. जेसीबी दुसरीकडंच जातो, तरी मी न्हाणीच्या भिंतीला हात लावून येते.

परवा ठेकेदार आला. "पैसे भरलेत सगळ्यांनी. उद्यापासून खोदायला घेऊ?" सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. इतकी वर्षं टँकरमागं घागर घेऊन पळालेली मी म्हणाले, "घाई कशाची हाय?"

आणि ज्यांना मी भांडून पैसे भरायला लावले होते, त्या सगळ्यांनी माना डोलावल्या.