भाऊजींचं धरून ठेवणारं प्रोटीन

जगातल्या यच्चयावत भांडणांचं मूळ एकाच प्रोटीनच्या कमतरतेत आहे असं मानणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. भाऊजी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. नागपूरला त्यांनी पीएच.डी. केली ती कॅन्सरच्या पेशींवर, आणि तेव्हापासून त्यांच्या फुलचूर गावातल्या शेजाऱ्यांचं सुख संपलं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रोटीन असतं. कॅन्सरची पेशी बऱ्याचदा ते बनवणंच कमी करते, मग तिचा आतला सांगाडा बदलतो, चांगली चौकोनी पेशी लांबुळकी होते आणि शेजारणींचा हात सोडून सरपटत निघते. हे दूधवाल्यालाही पाठ झालं होतं. शेजारच्या भावांनी घराची वाटणी केली तेव्हा सगळे हळहळले. भाऊजी तेवढे म्हणाले, "प्रोटीन कमी पडून राहिलं."

नागरा गावातल्या एका लग्नात त्यांनी वऱ्हाडी मंडळींना मांडवात एकमेकांचे हात धरून उभं केलं. त्या निरोगी पेशी. सुटलेली पेशी अर्थातच स्वतः भाऊजी. सफारी सूट घालून ते सतरंजीवर आडवे झाले आणि लोकांच्या पायांमधून पंगतीकडे सरपटू लागले. नवरदेवाच्या मामांनी विचारलं, "सकाळपासूनच घेऊन राहिले का जी?" भाऊजी मान वर न करता म्हणाले, "थांबा जी, आत्ताच कुठं रक्तात शिरून राहिलो." ताई त्या दिवशी न जेवताच घरी आली.

मग ताईच्याच छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि गाठ तिथंच होती की काखेपर्यंत पसरली, हे कळायला हप्ताभर थांबावं लागलं. त्या हप्त्यात भाऊजी पेशीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. शेवटी डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावलं. पोरसवदा, भला माणूस. समजावून सांगावं म्हणून तो कागदावर पेशी काढू लागला. भाऊजींनी कागदावर हात ठेवला.

"साहेब, मी गणिताचा मास्तर आहो. मले यातलं काही समजत नाही. पसरलं का नाही, तेवढंच सांगा."

"नाही पसरलं," डॉक्टर म्हणाले.

परतताना गाडीत ताईने विचारलं, "काऊन जी, गणिताचे मास्तर कधीपासून झाले?"

भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पेशी सुटून कुठं कुठं जाते, मले सारं पाठ आहे वो. हप्ताभर तेच दिसून राहिलं होतं."

ताईने डबा उघडून त्यांच्यापुढे केला. ते मुकाट्याने पोटभर जेवले. आणि आम्ही दोघं बहीणभाऊ, एरवी त्यांना गप्प करायला टपलेले, तुमसर स्टेशन मागे पडलं तरी ते बोलायला लागायची वाट बघत राहिलो.