बद्द वाजणारे कप

कपबश्यांच्या कारखान्यात टिचकीमावशीच्या हाताखालून गेल्याशिवाय एक कप बाहेर पडत नसे. भट्टीतून आलेला कप बोटांवर तोलायचा, लाकडी काडीने कडेला टिचकी मारायची आणि ऐकायचं. टण्ण वाजला तर चांगला. बद्द वाजला तर आत कुठंतरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो. बावीस वर्षं हेच काम. 'कान साफ तर काम साफ' असं तिथल्या बायकांचं म्हणणं, म्हणून टेबलावर बसण्याआधी मावशी रोज कापसाची काडी कानात फिरवून घ्यायची.

यंदा मात्र जग हळूहळू मऊ होत गेलं. रस्त्यावरच्या गाड्या पाण्याखालून चालल्यासारख्या वाटायच्या. शेजारणी भांडायच्या, तर नुसते हातवारे दिसायचे. स्वतःचा घास चावल्याचा आवाज तेवढा डोक्यात घुमायचा. खोटं कशाला बोला, मावशीला हे आवडलंही होतं. खिडकीत बसलं की तासन्‌तास आपण कुठंतरी तरंगतोय असं वाटायचं.

पण कप बद्द वाजायला लागले. एक नाही, दोन नाही, टोपल्याच्या टोपल्या! मावशी ते बाजूला काढायची, आणि त्यांचा चुरा व्हायचा.

"काका, तुमची भट्टी बिघडली," तिने भट्टीवाल्या काकांना चारचौघांत सुनावलं.

"आच तीच आहे, मावशी. वेळही तीच."

"मग मला काय ऐकू येत नाही होय?"

मावशीच्या कानावर शंका घ्यायची कुणाची छाती! साहेबांनी काकांना पुढच्या शनिवारपर्यंतची मुदत दिली. फरक पडला नाही, तर भट्टीवर दुसरा माणूस.

रविवारी जेवताना नवऱ्याच्या हातून चमचा ताटात पडला. मावशीला तो बद्द ऐकू आला. ती ताटाकडे बघतच राहिली. स्टीलच्या ताटाला कसला आलाय तडा! तिने वाटी वाजवली, बद्द. पेला वाजवला, तोही बद्द. "माझेच कान बंद झालेत," ती म्हणाली.

"थांब, तेल कडकडीत तापवतो, मग पिनेने मळ काढू," नवरा तिच्या कानाशी ओरडला.

"कानाला हात तर लावून बघा!" म्हणत तिने त्याला अडवलं आणि सोमवारी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी दिवा लावून दोन्ही कान पाहिले. कान दुखतो का, वाहतो का, पडदा कधी फाटला होता का, हे मोठ्याने विचारलं. मग म्हणाल्या, "मळ ही घाण नव्हे, मावशी. कान तो आपणहून बाहेर ढकलतो. तुम्ही रोज काडीने आत ठासत बसलात." पाच दिवस थेंब घालायचे, दुखलं तर बंद करून लगेच यायचं, आणि काडी, पीन, गरम तेल यांचं नाव काढायचं नाही.

खरं तर त्याच दिवशी जाऊन काकांना सांगायला हवं होतं. पण तोंड उघडेना. बावीस वर्षांचा कान, तो दगा देतोय हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने रजा टाकली; तिच्यावाचून नवे कप तपासायचेच राहिले. कुशीवर पडून थेंब कानात उतरताना ऐकत राहायची. आत काहीतरी बुडबुडायचं, ऊन भिंतीवरून सरकायचं, डोळा लागायचा. आणि झोपेत काका यायचे, थंड भट्टीपुढे उभे. मावशीला स्वतःची लाज वाटायची.

शनिवारी सकाळी बाईंनी कोमट पाण्याने कान धुतले. काहीतरी सुटलं, आणि पंख्याची घरघर, कागदाची सळसळ, बाहेर कुणाचा तरी खोकला, सगळं एकदम आत आलं. मावशी रडायलाच लागली. मग डोळे पुसून तडक कारखान्यात गेली.

मुदत संपली होती, भट्टी सुधारल्याचं कुणीच सांगितलं नव्हतं, आणि काका आपला डबा पिशवीत भरत होते. साहेब शेजारीच उभे होते. मावशीने भट्टीतून नुकताच आलेला कप उचलला आणि टिचकी मारली. टण्ण! दुसरा, तिसरा, दहावा. सगळे टण्ण.

"साहेब, भट्टी ठणठणीत आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कानात मळ साचला होता माझ्या. सोमवारपासून मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले. काका, बद्द कप नव्हते. मी होते."

काकांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझाच हात गेला असं वाटायला लागलं होतं गं. परत एकदा वाजव."

मावशीने वाजवला.

"अजून एकदा," काका म्हणाले.