डावखुरी अन्नपूर्णा

"दगडावर धुणं आपटायला जीव होत नाही म्हणे! राजाची लेक लागून गेली," मोरीच्या उंबऱ्याशी आडव्या होता होता द्वारकाबाई पुटपुटतात. गवंड्यानं मोरी दुरुस्त करताना धुण्याचा दगड उलटा बसवला, तेव्हापासून सून सुरेखा त्याला हात लावत नाही. पाणी ओतलं की त्यात बाई दिसते म्हणते. ऊन उतरल्यावर सोडा टाकून दगड घासून काढ, असं त्यांनी तिला बजावलंय. पुढच्या दालनात भाडेकऱ्याची पिठाची गिरणी घरघरतेय. डोळा लागतो.

घरघर थांबते. मोरीत त्यांचे यजमान केरबा बसलेत. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बाह्या शाईनं काळ्याच. दगडावर ओला बोळा फिरवतायत.

"उठा तिथनं. धुणं पडलंय माझं."

"पडू दे. बघ तरी."

मोरी कुठली, हा तर त्यांचा शिळाछापखाना, दगडावर चित्र काढून ते कागदावर छापायचा. पलीकडे गिरणी नाही, चित्रशाळा आहे. तसबिरींवर पीठ बसलंय. गिऱ्हाइकं उभी आहेत, त्या दिवशीसारखीच. दगडावर अन्नपूर्णा. भुवई चढलेली, नथ द्वारकाबाईंची, आणि पळी डाव्या हातात. त्या दिवशी चारचौघांत त्या खो खो हसल्या होत्या: "देवीला डावखुरी केलीत की हो! हाताला वळण म्हणून नाही." केरबांनी ते चित्र कधी छापलंच नाही. ते गेल्यावर दगड मोरीत पालथा पडला, तोही बाईंच्याच हुकमानं.

"छापल्यावर उलटं होतं, हे तेव्हाच सांगायचं नाही?"

"तुझं हसणं थांबायची वाट बघत होतो."

द्वारकाबाईंना मान वर करवत नाही. गिऱ्हाइकं त्यांच्याकडेच बघतायत.

केरबा शाईचा रूळ फिरवतात. "कागद संपलाय. पदर दे."

त्या पदर दगडावर पसरतात. ते तळव्यानं दाबत जातात, हलक्या हातानं.

गिरणी घरघरायला लागते. द्वारकाबाई डोळे उघडतात. पदर ओला, जड. त्यावर फिकट काळी भुवई, नथ. आणि पळी, उजव्या हातात.

"आत्या, आणला बाई सोडा," सुरेखा ब्रश घेऊन मोरीत उतरते. "घासते आता."

"खबरदार!" द्वारकाबाई पदर मुठीत धरतात. आवाज चढतो, पण नजर सुनेच्या पायांवरच राहते. "चूक तुझीच आहे, सुरेखा. मी म्हटलं आणि लगेच निघालीस घासायला? देवानं डोळे तुला दिलेत, मला नुसतं तोंड. पुन्हा माझं ऐकशील तर याद राख."