रुपेशचा उलटा माऊस

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की "आधी वायरिंग तपासा" म्हणणारा मी माणूस. डोंबिवलीत कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचं माझं दुकान आहे. मशीन उगाच काही करत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय...

माझी मावशी कल्याणजवळ मोहन्याला राहते. तिचा मुलगा रुपेश एका सकाळी कामाला म्हणून निघाला तो परत आलाच नाही. फोन बंद. पोलीस कम्प्लेंट, पेपरात फोटो, हॉस्पिटलं – सगळं करून झालं. नातेवाईक आपापसात काय ते बोलायचे, पण मावशीसमोर तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती. तिचं एकच म्हणणं – रुप्या येणार. त्यावरच ती जगत होती.

गेल्या वर्षी रुपेशच्या धाकट्या बहिणीला, पल्लवीला, कॉलेजसाठी कॉम्प्युटर हवा होता. रुपेशचा जुना केव्हाच भंगारात गेलेला. मी सगळे नवे पार्ट घेऊन गेलो, त्यांच्यासमोर सीलं फोडली आणि हॉलमध्येच मशीन जोडलं. रविवारची भर दुपार, शेजारच्यांचा टीव्ही मोठ्याने चाललेला. माझ्या नेहमीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकली. सेटअप संपेपर्यंत माऊस नीट चालत होता. डेस्कटॉप आला आणि बटणं उलटी झाली – डाव्याचं काम उजवं करायला लागलं.

दुसरा माऊस लावला. तेच. सेटिंग उघडून पाहिलं तर बटणांची अदलाबदल केलेली. नव्या विंडोजमध्ये असं कधीच नसतं आणि नेट तर मी जोडलंच नव्हतं. वैतागून ड्राइव्ह फॉरमॅट मारली, पहिल्यापासून सगळं टाकलं... पुन्हा उलटी.

पल्लवी माझ्याकडे बघेना. तेव्हा मला आठवलं. रुपेश डावखुरा. त्याच्या कॉम्प्युटरवर बटणं अशीच असायची आणि मावशी त्यावरून त्याला कायम बोलायची. मी घाईघाईने सेटिंग बदलायला गेलो, तर मावशीने माझा हात धरला.

"राहू दे. रुप्याचं आहे ते."

"अगं मावशी, काहीतरी बिघाड असेल. बघतो ना मी."

"नको रे. जिवंत असता तर दारातनं आला असता."

ती रडली नाही. आत जाऊन तिने चहा ठेवला.

नंतर ओळखीच्या चार जणांना विचारलं. प्रत्येकाने काही ना काही कारण सांगितलं, एकही पटलं नाही. त्याच पेनड्राइव्हवरून मी आजही लोकांना विंडोज टाकून देतो, कुठेच असं झालं नाही. पोलिसांकडेही अजून काही नाही. खरं सांगू? मला भुताची भीती वाटत नाही. भीती वाटते ती तो नुसता बिघाड असण्याची – म्हणजे रुपेश कुठेतरी जिवंत असेल आणि त्याच्या आईची आशा मी माझ्या हाताने संपवून आलो.

तो गेल्यापासून मावशी रात्री दाराला आतून कडी लावत नव्हती. त्या रविवारपासून लावते.